दसऱ्याला दिसलेल्या चिरा: स्विफ्टचे रबरी ब्रेक पाइप काढून ब्रेडेड (स्टीलच्या जाळीचे) लावले त्याच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, दसरा

सकाळी गाडी धुवायला घेतली. हार घालायच्या आधी मी दरवर्षी चाकांच्या आतली माती पण काढतो, कारण गणपतीला गावाला जाऊन आलं की लाल माती आत अशी चिकटून बसते की नुसत्या पाण्याने जात नाही. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवून डाव्या पुढच्या चाकामागे ब्रश घातला आणि ब्रेकच्या रबरी पाइपावरून बोट फिरलं ते खरखरीत लागलं. टॉर्च आणून बघितलं. कॅलिपरजवळ (डिस्कवर पॅड दाबतो तो भाग) जिथे पाइप वाकतो तिथे आडव्या बारीक चिरा, सात-आठ तरी असतील, आणि एका चिरेत आतला दोरा दिसतोय.

आता आठवतंय की गणपतीत परशुराम घाट उतरताना पेडल नेहमीपेक्षा खोल जातंय असं वाटलं होतं, पण गाडीत पाच माणसं आणि डिकी भरलेली म्हणून मी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

गाडी डिसेंबर २०१० ची, पेट्रोल, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस नसलेली. पाइप पहिल्यापासूनचे, म्हणजे १५ वर्षं चालले, त्यांच्याकडून आणखी काय मागायचं. पूजा केली, हार घातला, आईने नारळ फोडला, आणि बाबांना सांगितलं की पाइप बदलेपर्यंत गाडी हलवायची नाही, चावी माझ्याकडे राहील. बाबा म्हणाले दिवाळीत कसं करायचं, म्हटलं लोकल आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

आज चारही चाकं काढून नीट बघितलं. पुढचा डावा सगळ्यात खराब, पुढचा उजवा वरून बरा पण बोटाने वाकवला की चिरा उघडतात, मागचे दोन्ही कडक झालेत. गळती कुठेच नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. बेस्टच्या डेपोत फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडीखाली कोणी दिसलं की त्यांना राहवत नाही. त्यांनी एक साधी गोष्ट दाखवली. बायकोला पेडलवर बसवलं, इंजिन चालू, आणि मला म्हणाले पाइप मुठीत धर. तिने जोरात ब्रेक दाबला आणि पाइप हातात फुगलेला अक्षरशः कळला. व्हर्नियर लावून मोजलं, मोकळा असताना बाहेरचा व्यास १०.४ मिमी, दाबल्यावर १०.७. फुटणार तर नाही ना म्हणून मी घाबरत होतो, तर काका म्हणाले, "फुटायचाच असेल तर इथे पार्किंगमध्ये फुटू दे की, घाटात फुटण्यापेक्षा."

पेडल किती जातं तेही मोजून ठेवायचं ठरवलं, नाहीतर नंतर नुसतं "भारी वाटतंय" एवढंच सांगता येतं. पद्धत अशी: इंजिन बंद, पेडल पाच-सहा वेळा मारून सर्वोचा (पायाच्या जोराला मदत करतो तो डबा) व्हॅक्यूम संपवायचा, स्टेअरिंगच्या खालच्या कडेपासून पेडलपर्यंत टेप धरायची, मग पूर्ण जोराने दाबून फरक लिहायचा. पाय तोच, बूट तेच, सीट त्याच खाचेत. दहा वेळा, त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा काढून बाकीच्यांची सरासरी. आजची सरासरी ७१ मिमी.

८ ऑक्टोबर, बुधवार, रात्री

रबरी घ्यायचे की ब्रेडेड यावर तीन दिवस डोकं चाललंय.

पहिली गोष्ट म्हणजे नवीन रबरी पाइप वाईट नसतात, बहुतेक गाड्यांना तेच पुरतात. आत ईपीडीएम रबर, मध्ये विणलेल्या धाग्याचे थर, वर परत रबर. ब्रेडेडमध्ये आतली नळी पीटीएफईची, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच टेफ्लॉन, आणि बाहेरून स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी घट्ट विणलेली. आतली नळी ऑइल धरून ठेवते, फुगू न देण्याचं काम जाळीचं.

फुगण्याचा हिशोब मी कागदावर करून बघितला कारण पाइप ०.३ मिमी फुगला तर एवढं काय बिघडतं असं आधी वाटत होतं. समजा मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) बोअर, म्हणजे आतला व्यास, २० मिमी आहे, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३.१४ चौ. सेंमी. एका सर्किटमधले दोन पाइप मिळून फुगण्यात १ सीसी ऑइल खात असतील तर ते भरून काढायला पिस्टन ३.२ मिमी जास्त सरकणार, आणि पेडलचा रेशो (पिस्टनच्या किती पट पेडल सरकतं) ४ धरला तर पायाखाली ते १२-१३ मिमी होतात, आणि हे सगळं अंतर पाइप फुगवण्यात जातं, पॅडला त्यातलं काहीच मिळत नाही. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या नियमात याची हद्दच ठरवलेली आहे, १/८ इंची पाइप १००० पीएसआय दाबाला दर फुटामागे ०.६६ सीसीपेक्षा जास्त फुगता कामा नये, आणि कमी फुगणाऱ्या प्रकाराला हीच हद्द ०.३३ सीसी. पाइपावर एचआर किंवा एचएल छापलेलं असतं ते हेच. त्याच नियमात पाइप फिरत्या मशीनवर सलग ३५ तास हलवून बघतात, कारण चाकाजवळचा पाइप आयुष्यभर हलतच असतो.

दुसरं कारण दमट हवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि रबरातून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी आत झिरपत राहतं. टेफ्लॉनमधून ते खूपच कमी जातं. डॉट ४ ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पण पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की हीच किमान हद्द १५५ वर येते, डॉट ३ ची तर १४०. घाटात ब्रेक तापले आणि ऑइलमध्ये वाफ झाली की पेडल खाली जातं, कारण वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. मुंबईत राहून दरवर्षी दोनदा कोकणात उतरणाऱ्या गाडीला हे लागू पडतं.

ब्रेडेड लावल्यावर गाडी कमी अंतरात थांबते असं मात्र मी म्हणणार नाही. माझी गाडी आत्ताच्या पाइपांवरही चाक लॉक करू शकते, तिथून पुढे टायर आणि रस्ता ठरवतो. फरक पडणार तो पायाला, किती दाबलं की किती ब्रेक लागतो ते कळण्यात. एबीएस नाही म्हणून मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, पावसात चाक लॉक व्हायच्या आधी सोडायचं काम माझ्या पायालाच करावं लागतं.

काकांचं मत विरुद्ध आहे. म्हणाले, "रबर आधी सांगतं बाबा, चिरा पडतात, फुगतं, तुला दसऱ्याला दिसलंच की. स्टील काही सांगत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, फक्त वहीत लिहून ठेवलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

मुलुंडहून स्लो पकडून मस्जिदला उतरलो आणि नागदेवी स्ट्रीटला गेलो. हायड्रॉलिकचे पाइप, फिटिंग, पाने, बेअरिंग, सगळं एका गल्लीत मिळतं, फक्त हातगाड्यांमधून अंग चोरून चालायची तयारी हवी. एका दुकानात जुन्या पाइपाचा फोटो दाखवला तर लगेच, "साहेब, अर्ध्या तासात एसएस ब्रेडेड बनवून देतो, समोर क्रिम्प करतो." किंमतही अगदी कमी. मोह झाला हे खरं.

पण विचारलं आतमध्ये काय आहे, तर त्याने स्वतःच सांगितलं की नायट्राइल रबर आहे, मशीनच्या ऑइलचा पाइप आहे, ब्रेकचा नाही. नायट्राइल ब्रेक ऑइलमध्ये फुगून मऊ होतं, आणि उलट ब्रेकमधलं ईपीडीएम मशीन ऑइलमध्ये फुगतं, वरून दोन्ही काळे आणि सारखेच दिसतात. टेफ्लॉनवालाही होता त्याच्याकडे, पण त्याला ब्रेकचं फिटिंग नाही आणि क्रिम्प (पाइपाच्या टोकाला दाबून बसवलेला जोड) किती दाबाला तपासलंय याचा कागद नाही. खरं सांगितलं म्हणून त्याचे आभार मानले आणि त्याच्याकडूनच बाकीचं सामान घेतलं: १० नंबरचा फ्लेअर नट पाना (रिंग पान्यासारखाच, पण एका बाजूने कापलेला असल्यामुळे लाइनवरून, म्हणजे ब्रेकच्या लोखंडी नळीवरून, आत जातो आणि नटाच्या सगळ्या कडांना धरतो, साध्या फिक्स पान्याने हे नट हमखास गोल होतात), तांब्याचे वॉशर डझनभर, पारदर्शक नळी दोन मीटर, रबर लावलेल्या पी क्लिप, आणि आटे मोजायचा गेज.

१२ ऑक्टोबर, रविवार

काका म्हणाले पाइप यायच्या आधी दोन कामं करून घे, नाहीतर सगळं श्रेय पाइपाला देशील. बरोबर होतं ते.

पहिलं काम मागचे ड्रम. लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) आणि ड्रममधली फट वाढली की पेडल खोल जातंच, पाइप कितीही भारी लावा. ही फट आपोआप कमी ठेवणारा आतला ऑटो ॲडजस्टर असतो तो लायनरच्या धुळीने जाम झाला होता, दोन्ही बाजूंचा. साफ केला, आटे मोकळे केले, चाक हाताने फिरवून अगदी हलकं घासेल इतपत आणला. धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानेच पुसायची. पेडल मोजलं, ७१ वरून ६४. एक पैसाही खर्च न करता ७ मिमी!

दुसरं काम ऑइल. जुनं ऑइल कटिंग चहासारखं निघालं. टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलंय, मी नवीन सीलबंद बाटलीतलं डॉट ४ घातलं, ही दोन्ही एकाच जातीची असल्यामुळे चालतं, डॉट ५ तेवढं सिलिकॉनचं असतं ते यात घालायचं नाही. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला. जुन्या गाडीत ब्लीडिंग करताना (पेडल दाबून जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढताना) पेडल पार जमिनीपर्यंत दाबलं तर मास्टर सिलिंडरमधली सील अशा भागावर जाते जिथे ती इतक्या वर्षांत कधी गेलेली नसते, तिथे गंज किंवा घाण असली की सील फाटते आणि मग वेगळंच काम निघतं. ऑइल बदलल्यावर ६० मिमी.

म्हणजे पाइपाला अजून हात लावला नाही आणि ११ मिमी कमी झाले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ब्रिटनमधल्या एका कंपनीचा चार पाइपांचा किट मागवला. मागवताना उजवीकडे स्टेअरिंग, मागे ड्रम, एबीएस नाही, हे तीनही स्पष्ट लिहिलं, कारण स्विफ्ट स्पोर्टला मागेही डिस्क असतात आणि तिचे पाइप आपल्याला लागत नाहीत. वरून पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर असलेलेच घेतले. उघडी जाळी दिसायला छान असते, पण ती कानशीसारखं काम करते, रंग, ॲल्युमिनियम, वायर, ज्याला घासेल त्याला खाते, आणि जाळीच्या आत वाळू शिरली तर आतल्या टेफ्लॉनलाच घासत बसते. मुंबईत रस्ता नेहमीच कुठेतरी खोदलेला असतो त्यामुळे कव्हरशिवाय विचारच नाही. टोकाची फिटिंगही स्टेनलेसची घेतली, खाऱ्या हवेत मुलामा टिकत नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पार्सल आलं, कस्टम ड्युटी वेगळी भरली. दिवाळी गाडीशिवाय गेली, भाऊबीजेला ताईकडे लोकलने गेलो, आई कुरकुरली नाही उलट ट्रॅफिक नाही म्हणून खूश होती.

रात्री जेवणाच्या टेबलावर चादर टाकून चारही पाइप तपासले. लांबी जुन्या पाइपाच्या मापाशी जुळवली. प्रत्येकातून एका डोळ्याने उजेडाकडे बघितलं, आत काही कचरा नाही ना. टॅग वाचले. आणि आटे गेजने मोजले, हे करणं फार गरजेचं आहे. आपल्या गाडीला एम १० बाय १ आटे, म्हणजे १० मिमी व्यास आणि १ मिमी पिच. रेसिंगच्या सामानात ३/८-२४ नावाचे इंची आटे असतात, त्यांचा व्यास ९.५ मिमी आणि पिच १.०६ मिमी, नुसत्या डोळ्यांना दोन्ही एकच वाटतात. मिमीच्या भोकात इंची फिटिंग हाताने दोन-तीन फेरे जातंही, घट्ट झाल्यासारखंही वाटतं, आणि दाब आला की निसटू शकतं. चारही बरोबर निघाले.

उद्यासाठी सगळ्या नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला, तिसऱ्यांदा.

१ नोव्हेंबर, शनिवार

पुढची बाजू. सकाळी सातला सुरू केलं. जॅक फक्त उचलायला, गाडी स्टँडवर, मागच्या चाकांना विटा.

ऑइलच्या टाकीचं झाकण काढून तोंडावर किचनमधला पातळ प्लास्टिकचा कागद ठेवला आणि झाकण परत लावलं. यामुळे हवा आत जात नाही आणि पाइप उघडल्यावर ऑइल धो धो गळत नाही, थेंब थेंब येतं. टाकी पूर्ण रिकामी होऊन मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरली तर ती काढायला वेगळा अर्धा दिवस जातो.

आधी बॉडीच्या बाजूचा फ्लेअर नट, मग घोड्याच्या नालेसारखी क्लिप, मग स्ट्रटवरचा (चाकाच्या शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) ब्रॅकेट, सगळ्यात शेवटी कॅलिपरचा बॅन्जो बोल्ट (आतून पोकळ, त्यातूनच ऑइल जातं). डाव्या बाजूचा फ्लेअर नट सुटला पण नटाबरोबर लोखंडी लाइनपण पिळायला लागली. तिथे थांबलो. काका म्हणाले जोर लावू नकोस, केसाएवढा सोड, परत आवळ, परत सोड, मध्ये स्प्रे. चाळीस मिनिटं गेली. लाइन पिळली असती तर ती पूर्ण बदलावी लागली असती, चाळीस मिनिटं त्यापुढे काहीच नाहीत.

नवीन पाइप लावताना पिळायला नको याची काळजी घ्यावी लागते. रबरी पाइपावर लांबीला रेघ असते, ती सरळ राहिली म्हणजे पाइप पिळलेला नाही. ब्रेडेडवर रेघ नव्हती म्हणून मी आधीच मार्करने एक रेघ ओढून घेतली. टेफ्लॉनची नळी एकदा दुमडली की ती खूण कायमची राहते आणि तिथूनच पुढे चिरते, त्यामुळे हातात धरतानाही कुठे दुमडू दिला नाही.

स्ट्रटचा ब्रॅकेट जुन्या पाइपाच्या जाड रबरी बूचासाठी होता, नवीन पाइप त्यात सैल बसला. पी क्लिप घेऊन ठेवली होती ती कामी आली.

मग चाक मोकळं लटकलेलं असताना स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं, परत जॅकने चाक वर दाबून तेच केलं. चारही परिस्थितीत पाइप ताणला जाता कामा नये, टायरला किंवा स्प्रिंगला लागता कामा नये. उजव्या बाजूला चाक पूर्ण आत वळलं की पाइप मडगार्डच्या अस्तराला हलका टेकत होता. बॅन्जो जरासा फिरवून परत आवळला, एक बोट जाईल एवढी जागा झाली. या एका गोष्टीवर मी दुपारचे दीड तास घालवले.

२ नोव्हेंबर, रविवार

मागचे दोन्ही. बॉडीपासून ॲक्सलच्या लाइनपर्यंतचे छोटे पाइप, बॅन्जो नाही, पटकन झाले.

नंतर एअर काढणं. क्रम मॅन्युअलमध्ये दिलाय तोच घेतला. "सगळ्यात लांबचं चाक आधी" असं सगळे म्हणतात ते ज्या गाड्यांत पुढची-मागची सर्किट वेगळी असतात तिथे ठीक आहे, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं चाक असं सर्किट असतं. बायको पेडलवर, मी निपलवर (चाकाजवळची हवा सोडायची छोटी तोटी). "दाब." "दाबलं." "धरून ठेव." निपल उघड, बंद कर, "सोड." हे असं दोन तास, तिने एकदाही घाई केली नाही. काका कॅलिपरवर लाकडी हातोडीने हलकं ठोकत होते, नवीन पाइपातले बारीक बुडबुडे असे ठोकल्यावर सुटतात आणि पारदर्शक नळीत वर येताना दिसतात. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुतलं, रंग खातं ते.

बॅन्जो आणि नट टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यावर आवळले, प्रत्येकावर पिवळ्या मार्करने बोल्टपासून कॅलिपरपर्यंत एक रेघ ओढली, हलला तर रेघ तुटलेली दिसेल. इंजिन चालू करून पूर्ण जोराने एक मिनिट ब्रेक दाबून धरला, चारही ठिकाणी कोरडा टिश्यू पेपर. सगळे कोरडे. खाली जुने पुठ्ठे अंथरून ठेवले आणि गाडी जागेवरच.

३ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला जाताना पार्किंगमध्ये वाकून बघितलं. डाव्या पुढच्या चाकाखालच्या पुठ्ठ्यावर आठ आण्याएवढा डाग. बॅन्जोला बोट लावलं, ओलं.

ट्रेनमध्ये पूर्ण वेळ हाच विचार, टॉर्क बरोबर, वॉशर नवीन, मग काय.

५ नोव्हेंबर, बुधवार, गुरुनानक जयंतीची सुट्टी

सापडलं. बॅन्जो उघडला, वरचा वॉशर आला, फिटिंग आलं, खालचा वॉशर आला, आणि टॉर्च मारल्यावर कॅलिपरच्या तोंडावर आणखी एक गोल दिसला. तो कॅलिपरचा भाग नाही, १५ वर्षांपूर्वीचा वॉशर आहे. चेपून चेपून कॅलिपरला असा चिकटलाय की रंगही कॅलिपरसारखाच झालाय, शनिवारी मी त्याच्यावरच नवीन वॉशर बसवला होता. एकावर एक दोन वॉशर, त्यातला एक आधीच चेपलेला कडक, तिथून झिरपत होतं. पूर्ण जोराच्या एका मिनिटात काही दिसलं नाही, रात्रभरात दिसलं.

छोट्या पातळ स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने अलगद उचकटला, तोंडावर चरा पडणार नाही असं. फडक्याने साफ केलं, दोन्ही वॉशर परत नवीन, कारण तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की दुसऱ्यांदा भरवशाचा नाही. उजवी बाजूही उघडून खात्री केली, तिथे जुना वॉशर शनिवारीच निघाला होता. दोन्ही पुढच्या चाकांची एअर परत काढली.

कोणी हे काम करणार असेल तर जुन्या बॅन्जोचे दोन वॉशर निघाले की नाही ते मोजा. हातात एकच असेल तर दुसरा कॅलिपरवर आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

चार रात्री पुठ्ठा कोरडा. मोजमाप घेतलं, तीच पद्धत, ५४ मिमी.

तर हिशोब असा: ड्रम ॲडजस्ट करून ७, ऑइल बदलून ४, पाइप बदलून ६. शेवटच्या सहामध्येही नवीन रबरी पाइप लावले असते तर काही मिमी मिळालेच असते, ते वेगळे काढायला माझ्याकडे उपाय नाही. पाइप मुठीत धरून बायकोला ब्रेक दाबायला सांगितला, हाताला काहीच कळलं नाही, व्हर्नियरचा आकडाही हलला नाही.

आधी सोसायटीच्या आवारात चालण्याच्या वेगाने, मग पहाटे सर्व्हिस रोडवर ३० च्या वेगाने आठ-दहा वेळा, मागे कोणी नाही बघून. गाडी कुठल्याही बाजूला ओढत नाही. मग ठाण्याला येऊरच्या डोंगरावर जाऊन हळूहळू खाली आलो. पेडल जिथे लागायला सुरुवात होते तिथून पुढे लगेच कडक होतं, मधला तो मऊ भाग होता तो गेला. पहिल्या दोन वळणांना मी गरजेपेक्षा जास्त ब्रेक मारला, बाबा पुढे हलले. पाय परत शिकावा लागतोय. बाबांना गाडी द्यायच्या आधी त्यांनाही रिकाम्या रस्त्यावर दोन-तीन वेळा चालवायला लावणार आहे, त्यांचा पाय १५ वर्षं जुन्या पेडलला सरावलाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

जुने पाइप टाकून द्यायच्या आधी कापून बघितले, हॅक्सॉने उभे. काका पण आले बघायला.

मागच्या दोघांत चिरा फक्त वरच्या थरात. पुढच्या उजव्यात वरचा थर संपून धाग्यापर्यंत. डाव्यात, जिथे मला दसऱ्याला दोरा दिसला होता, तिथे वरचे धागे तुटून त्यांचा भुगा झालेला, बोटाला चिकटत होता, दाब धरून होता तो फक्त खालचा विणलेला थर आणि आतलं रबर. आणि टोकाच्या क्रिम्पजवळ आतलं भोक सुजून अरुंद झालेलं, सुई जाईल एवढंच. असं झालं की पेडलच्या जोराने ऑइल कॅलिपरकडे जातं पण पेडल सोडल्यावर परत यायला अडतं, पॅड डिस्कला घासत राहतं. डाव्या चाकाची रिम उजवीपेक्षा नेहमी जास्त काळी व्हायची त्याचं कारण बहुतेक हेच, मी तो ड्रेनेजच्या पाण्याचा परिणाम समजत होतो.

काका तो तुकडा बराच वेळ हातात फिरवत होते. मग म्हणाले, "याने सांगितलं होतं तुला. नवीन पाइपाला तू विचारायचं, तो सांगणार नाही." मग दोघांनी बसून ठरवलं की ब्रेडेडला काय विचारायचं आणि कधी. दर तीन महिन्यांनी चाकं काढायची. क्रिम्पच्या टोकाला जाळीची एखादी तार तुटून वर आलीय का, कारण पाइप सगळ्यात जास्त तिथेच वाकतो आणि तारा तिथेच आधी थकतात. कव्हरखाली ओल दिसतेय का. कव्हर कुठे पांढुरकं पडलंय का, म्हणजे तिथे घासतंय. पिवळ्या रेघा जुळतायत का. एक जरी तार तुटलेली दिसली तरी पाइप बदलायचा, दुरुस्ती नाही. ऑइल दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर. वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखला आणि त्याचा फोटो बाबांच्या फोनवर पाठवला.

१४ डिसेंबर, रविवार

१५ वर्षं पूर्ण होत आली म्हणून फॉर्म २५ (गाडीची नोंदणी पुढे वाढवायचा), पर्यावरण कर, पीयूसी वगैरे कागद वडाळ्याच्या आरटीओसाठी तयार केले. त्यात एक दिवस गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गाडी आता बाबाही चालवतात.

४ जानेवारी २०२६, रविवार

तीन महिने झाले नाहीत पण नाताळच्या सुट्टीत गावाला जाऊन आलो, घाटांतून दोन्ही वेळा, म्हणून आधीच बघितलं. उतरताना पेडल सकाळी जिथे होतं तिथेच संध्याकाळी होतं.

चारही क्रिम्प भिंगाने बघितले, तार एकही तुटलेली नाही. पिवळ्या रेघा सरळ. पुठ्ठा कोरडा. उजव्या पुढच्या पाइपाच्या कव्हरवर मात्र नखाएवढा पांढुरका डाग पडलाय, नेमका मडगार्डच्या अस्तराच्या बाजूला. मी एक बोट जागा ठेवली होती ती रिकाम्या गाडीत. पाच माणसं बसली, सामान भरलं, खड्ड्यात चाक पूर्ण वर गेलं आणि त्याच वेळी स्टेअरिंग वळलेलं असलं की ती जागा संपत असणार. पी क्लिप स्ट्रटवर एक भोक वर सरकवली आणि बाबा, काका, शेजारचे दोघं आणि वॉचमन असे पाच जण गाडीत बसवून परत या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टेअरिंग फिरवलं. आता दोन बोटं जातात. कव्हरवरच्या डागाभोवती मार्करने गोल काढून आजची तारीख लिहिली, डाग वाढला तर कळेल.